मुद्दलाचे भय

भय हा गुण आहे असे म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. रसशास्त्राने त्याला रती, शोक आणि उत्साह यांच्या पंक्तीत स्थायीभावाचे आसन दिले खरे. परंतु व्यवहारात आपण त्याला उंबऱ्याबाहेरच बसवतो. संस्कृत कवी प्रेयसीला लाडाने ‘भीरु’ म्हणून संबोधीत. त्या संबोधनाने एखाद्या पुरुषाचा गौरव झाल्याचे माझ्या वाचनात नाही. पुरुषाने भ्यावे ते लपून. शूरांची चरित्रे लिहिली जातात आणि भित्र्यांच्या नकला होतात. तौनो किवेलाच्या नकला तर त्याच्या देखत होत, आणि तो बिचारा आपलीच नक्कल पाहून संकोचाने हसत असे.

एक भय डोळे मिटून घेते. दुसरे डोळ्याला डोळा लागू देत नाही. तौनोपाशी दोन्ही होती, आणि कोणते केव्हा वर येईल हे त्याचे त्यालाही कळत नसे. परंतु त्याच्या उत्तरायुष्याला ज्याने आकार दिला, ते भय स्वतःच्या जिवासाठी नव्हते. ज्या माणसावर आपला जीव आहे, त्याच्या वाटेवरचा खडा त्याच्या आधी आपल्या पायाला टोचावा, अशी ती एक अखंड, दमवणारी उपासना होती. तिला दुसरे नाव सुचेपर्यंत मी तिला भयच म्हणतो.

कॅनडातल्या थंडर बे गावातल्या आमच्या उताराच्या रस्त्यावर त्याचे घर माझ्या घरासमोर होते. सुपिरिअर सरोवराच्या काठी धान्याची जी उंच कोठारे उभी आहेत, त्यांतल्या एकात त्याने उभी हयात काढली. पश्चिमेकडच्या प्रेअरी मैदानांतला गहू आगगाडीने येई, कोठारात चढे आणि जहाजात उतरे. त्या गव्हाची धूळ दिसायला पिठासारखी निरुपद्रवी. पण कोंडलेल्या जागेत एक ठिणगी पडली की ती तोफेच्या दारूसारखी उडते. म्हणून तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात भ्यायला शिकवतात. तौनोला ते जन्मतःच येत होते. कोणत्याही दारातून आत शिरताना तो क्षणभर थबके आणि हवा हुंगे. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. गुरुवारी फिनलंडहून येऊन वसलेल्या लोकांच्या फिनिश चर्चच्या तळघरात आम्ही म्हातारी मंडळी कॉफीला जमत असू. तिथेही तो दारात उभा राहून नाक वर करी.

“काय रे, पेटतंय का काही?” टेबलावरून अर्वो सालमिनेन ओरडे. “पेटत असेल तर आधी केक वाचवा, तौनोला मागाहून!”

अर्वो त्याच कोठारात, त्याच पाळीत काम केलेला. देह धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. आयुष्यात कशाला म्हणून भ्याला नाही, आणि हे तो स्वतःच सर्वांना सांगत असे.

तौनोची पत्नी लेम्पी हीही अर्वोच्याच जातीची. सरोवराकाठच्या त्यांच्या लाकडी घरात, ज्याला आम्ही इकडे कॅम्प म्हणतो, ती भर हिवाळ्यात सौनाच्या, म्हणजे लाकडी बाष्पस्नानगृहाच्या, वाफेतून निघून थेट बर्फात पाडलेल्या भोकात उतरत असे. तौनो काठावर टॉवेल घेऊन उभा. “बाहेर ये गं, बाहेर ये,” एवढेच त्याचे चाललेले असे. ती पाण्यातूनच हसे. “तू तिथे उभा राहून माझ्या वाटची थंडी भोगतोयस, मग मला कशी लागणार?”

त्यांना मूलबाळ नव्हते.

लेम्पीला आधी कंप सुरू झाला, मग विस्मरण. विस्मरणाने तिची एक भाषा आधी नेली. इंग्रजी ती शाळेत गेल्यावर शिकली होती. जी मागाहून आली ती आधी गेली. नवऱ्याशी, मांजराशी, डॉक्टरांशी ती फिनिशमध्येच बोलू लागली. आमच्या गावात अशी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना एकच धास्ती असते. सरकारी शुश्रूषागृहात खाट मिळते, पण ती जिथे रिकामी असेल तिथे मिळते. लेम्पीची मैत्रीण हिल्मा हिला चार तासांच्या अंतरावरच्या एका गावात खाट मिळाली. तिथे फिनिश जाणणारे चिटपाखरू नव्हते. तौनो आणि लेम्पी तिला भेटायला गेले, तेव्हा हिल्मा खिडकीपाशी बसून ‘वेत्ता, वेत्ता’ म्हणत होती. वेत्ता म्हणजे पाणी. परिचारिका प्रेमळ होत्या. त्यांनी तिच्या अंगावर आणखी एक शाल घातली.

परतीच्या वाटेवर लेम्पीने, जिला त्या काळात पुष्कळसे उमजत असे, तौनोचा हात धरला. “मला तिकडे नाही ना पाठवायचास?”

“नाही,” तौनो म्हणाला. आपण हे बोललो, या विचारानेच आपल्याला घाम फुटला, असे तो मला पुढे सांगत असे.

शब्द पाळायचा तर घरी मदत हवी होती. सरकारकडून येणारी बाई आठवड्यातून दोनदा अंघोळ घालून जाई. कोठाराचे निवृत्तिवेतन दोघांच्या जेवणाला आणि घर तापवायला पुरे. उरली ती निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम आणि लेम्पीच्या आईचे घर विकून आलेले पैसे. ते पतपेढीत ठेव म्हणून पडलेले होते, आणि त्यांच्या व्याजात पगारी माणूस ठेवणे शक्य नव्हते.

इथे अर्वोने पैसे गुंतवलेला फंड आला. त्या वर्षी आमच्या तळघरात त्याचा बोलबाला होता. निम्म्या टेबलाने तो घेतला होता. महिन्याच्या मध्यावर खात्यात पैसे, पगारासारखे. तेही मुद्दलाला हात न लावता.

“सोपं आहे,” अर्वो तौनोला समजावू लागला. “समज, तुझं शेत आहे. पीक उभं आहे. मी येतो आणि म्हणतो, तौनो, आज ठरवलेल्या भावाने हे पीक उचलायचा हक्क मला दे, आणि त्या हक्काचे हे रोख पैसे घे. घेशील ना?”

“आणि तू पीक घेऊन गेलास तर?”

“भाव चढला तर नेईन. ठरलेला भाव तुला मिळेलच ना! नाही चढला तर पीक तुझं आणि हक्काचे पैसेही तुझे. पुढच्या महिन्यात परत कुणाला तरी हक्क विकायचा. फंडवाले हेच करतात, बँकांच्या नि पाइपलाइनच्या शेअर्सवर. कव्हर्ड कॉल म्हणतात त्याला. वर लाभांश आहेच.”

तौनोने बराच वेळ कॉफी ढवळली. “आणि गारा पडल्या तर?”

“काय?”

“गारा. पीक झोपलं तर ते नुकसान हक्क घेणाऱ्याचं?”

“नाही रे बाबा. पीक तुझं, तर नुकसान तुझंच.”

“म्हणजे चढलं तर त्याचं, आणि पडलं तर माझं.”

टेबल खदखदून हसले. “याला फुकट नोट दिली तरी हा आधी तिचा वास घेईल!” अर्वो म्हणाला. “अरे, विकायचंच नाही तर भाव चढला काय नि पडला काय? महिन्याचे पैसे आले की झालं. बायकोला घरी ठेवायचंय ना तुला?”

या शेवटच्या वाक्यासरशी तौनोच्या एका भयाने दुसऱ्याला गप्प केले. त्याने सगळी ठेव मोडून तो फंड घेतला आणि लुझला कामावर ठेवले.

लुझ फिलिपिन्सहून आलेली, हसरी आणि करारी बाई. ती सकाळी येई, संध्याकाळी जाई. पहिल्याच महिन्यात तिने लेम्पीकडून पाणी, थंडी, दुखतंय आणि पुरे हे चार शब्द शिकून घेतले, पुढे पन्नास शिकली. लेम्पी तिला वेलचीचा पुल्ला, म्हणजे वेणीसारखा गोड पाव, कसा विणायचा ते हातांनी दाखवी, आणि कणकेवरचे तिचे कापरे हात लुझ आपल्या हातांत धरून ठेवी. दोन-तीन वर्षे अशी गेली. तौनो भीतच होता, पण ती भीती चुलीवरच्या मंद आधणासारखी होती. महिन्याच्या मध्यावर पैसे येत, आणि ते येईपर्यंत तो टेलिफोनजवळ फिरकत नसे, न जाणो पैसे येणार नाहीत म्हणून सांगायला कोणी फोन करील. फंडाचा भाव त्याने कधी पाहिला नाही. आमच्या टेबलावर कोणीच पाहत नसे. विकायचे नाही तर पाहायचे कशाला, हे तिथले व्रतच होते, आणि ते पाळल्याचा सर्वांना अभिमान होता.

मार्चमध्ये त्याच तळघरात म्हाताऱ्यांचे करपत्रक भरून देण्याचे काम इर्मा नावाची निवृत्त शिक्षिका करी. त्या वर्षी पहिल्यांदाच तिच्याकडे आलेले तौनोचे कागद पाहून ती उत्साहाने टेबलावर थाप मारून म्हणाली, “तौनो, आज सगळ्यांची कॉफी तुझ्याकडून! या फंडावर तुला टॅक्स जवळजवळ काहीच नाही.”

“का?”

“का म्हणजे? बरं नाही वाटलं?”

“पैसे तर दर महिन्याला आले. मग टॅक्स का नाही?”

“अरे, कारण त्यातला बराचसा भाग मिळकत नाहीच मुळी. भांडवल परत, असं म्हणतात त्याला. तुझेच पैसे त्यांनी तुला दिले. स्वतःच्याच पैशावर टॅक्स कसा लागेल? अर्वोचंही असंच निघालं. तो तर नाचत गेला.”

शेजारच्या खुर्चीवर माझी पाळी यायची होती, म्हणून मी ते पाहिले. तौनोच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला, जणू कोणी खालून बूच काढले होते. त्याने कॉफीचे पैसे ठेवले, टोपी विसरला आणि बाहेर पडला. मी टोपी घेऊन मागोमाग गेलो. तो आपल्या ट्रकमध्ये बसला होता. इंजिन चालू, दोन्ही हात चाकावर.

“आम्ही तिला खातोय,” तो म्हणाला.

मला कळले नाही.

“लेम्पीला. पेरणीचा गहू आम्ही कोठारात वेगळ्या खणात ठेवायचो. त्यातला मूठभर जरी कुणी घरी नेला तरी नोकरी जायची. आणि मी इतकी वर्षं दर महिन्याला... आणि वर म्हणतोय, वा, काय पीक आलंय!”

यानंतर कित्येक सकाळी त्याचा ट्रक पतपेढीच्या दारात उभा दिसे, आणि तौनो आत न जाता परत येई. डोळे मिटणारे ते पहिले भय त्या दिवसांत वर आले होते. शेवटी मला म्हणाला, “तू चल. तू बोलू नकोस, नुसता बस. मी उठायला लागलो तर कोट धर.”

पतपेढीतली सल्लागार बाई तरुण आणि समजूतदार होती. “भांडवल परत येणं म्हणजे नेहमी वाईटच, असं नाही, मिस्टर किवेला. कधी ती नुसती हिशेबाची मांडणी असते. फंडाचा भाव टिकून असेल तर काळजीचं कारण नसतं.”

“टिकून आहे?”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. तौनोने आधी हवा हुंगली, मग पाहिले. रेघ डावीकडे उंचावर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरली होती, आमच्या रस्त्यासारखी.

“बाजार या काळात वर गेलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण वर जाण्याचा हक्क फंडाने विकलेला होता. मधे दोनदा घसरला, ते मात्र सगळं आपल्याकडे आलं. आणि वाटप मोठं ठेवायचं, म्हणून कमी पडेल ते मुद्दलातून देत गेले.”

“गारा,” तौनो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“काही नाही. असंच चाललं तर किती वर्षं पुरेल?”

“नक्की नाही सांगता येत. दहा, कदाचित. त्याआधीच ते महिन्याची रक्कम कमी करतील.”

“तिची आई सत्याण्णव वर्षांची होऊन गेली.” लेम्पीला तेव्हा चौऱ्याहत्तर चालू होते.

बाईने दुसरा फंड दाखवला. साधा, लाभांश देणाऱ्या कंपन्यांचा. महिन्याला निम्म्याहून कमी येणार, त्यावर टॅक्सही लागणार. पण चढ आपला आणि उतारही आपला.

“याच्यात भ्यायचं काय आहे?”

“बाजार पडला तर हाही पडेल.”

“मग न पडणारं काय आहे?”

“ठेव. पण महागाई वाढत जाईल, आणि तिच्या व्याजात तुम्ही आज जिथे आहात तिथेही राहू शकणार नाही.”

तौनो उठू लागला. मी कोट धरला. तो पुन्हा बसला आणि त्याने सही केली.

तोटा भरून काढायला त्याने सरोवराकाठचा कॅम्प विकला, आणि त्याच घाईत विकला, पहिले गिऱ्हाईक म्हणेल त्या किमतीला. पुढे महामारीच्या वर्षात शहरातली माणसे तसल्या घरांसाठी वेडी झाली आणि त्याच घराचे तिप्पट झाले. भयाची थोरवी गाताना ही बाजूही लपवू नये.

आणि लुझचे तास निम्मे करावे लागले.

“सर तौनो, दुपारी मॅम लेम्पीजवळ कोण?” तिने विचारले.

“मी.”

“तुम्हाला उचलायला जमेल?”

“नाही.”

लुझला हसू आले, मग ते मावळले. तिने दुसरे काम दुपारसाठी धरले. पण जाण्याआधी आठवडाभर रोज त्याला शिकवले: गुडघे वाकवायचे, पाठ नाही, तिचे पाऊल आपल्या पावलांच्या मधे, ओढायचे नाही, डोलवायचे. “घाबरलात तरी चालेल,” ती म्हणे, “पण श्वास नका कोंडू. तुम्ही श्वास कोंडलात की मॅमही कोंडतात.”

चर्चच्या तळघरात अर्वोला हे सारे अपमानासारखे लागले. “मूर्खा, लोक जास्त पैशाच्या मागे धावतात, तू कमीच्या मागे! बायकोची नर्स काढून टाकलीस, कॅम्प फुंकलास, कशापायी? टॅक्सच्या कागदावरच्या एका शब्दापायी?”

“तू भाव बघितलास का, अर्वो?”

“मला विकायचंय का?”

“एकदा बघ.”

“भित्र्याने मला शिकवू नये!” अर्वो इतक्या मोठ्याने म्हणाला की स्वयंपाकघरातल्या बायका दारात आल्या. त्यानंतर तौनो गुरुवारी येईनासा झाला.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी वादळ सुरू होते आणि रस्ता दिसत नव्हता. तौनोचा फोन आला. “दार उघडंच आहे. अर्वोला पण बोलावलंय. लवकर ये.” आवाज इतका बारीक की मी प्रथम ओळखला नाही.

त्याच्या तळघरात छोटी सौना होती. लेम्पीने सकाळपासून तिचाच हट्ट धरला होता, आणि शनिवार म्हणजे सौना हे तिला अजून आठवत होते. तौनोने तिला जिना उतरवून नेले, वाफेत बसवले, सगळे नीट झाले. कपडे घालताना तिचे पाऊल ओल्या फरशीवर सरकले. मी पोहोचलो तेव्हा ती बाकाच्या आणि भिंतीच्या फटीत बसकण मारून होती, आणि तौनो टॉवेल गुंडाळून तिच्या मागे बसून तिला छातीशी टेकवून धरत होता. ती शांत होती. त्याचे दात वाजत होते.

“अँब्युलन्स?” मी विचारले.

“नको.” त्याने माझ्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही. “अँब्युलन्स आली की हॉस्पिटल. तिथे विचारतील, घरी कोण असतं? मग यादी. मग खाट. मग...” त्याने तिला आणखी घट्ट धरले. “काही मोडलेलं नाही. मी सगळं तपासलंय. लुझनं सांगितलं तसंच. पण उचलता येत नाहीये.”

जिना दणाणला. अर्वो बर्फाने माखून उतरला आणि दारातच थांबला. “अरे लेका, बायकोची अब्रू राहू दे, माझ्यासाठी तरी विजार घाल!”

लेम्पीने मान वर केली आणि ती फिनिशमध्ये स्पष्ट म्हणाली, “अर्वो, तू जाडा झालास.”

“झालो. त्याचाच आज उपयोग आहे.” अर्वो खाली बसला. कोठारात जड पोती जशी हलवीत, तशी त्याने तिच्याखाली चादर सरकवली, मला एक टोक दिले, आणि तौनोला म्हणाला, “तू फक्त तिचं डोकं धर आणि श्वास घे. घे म्हणतोय ना!” आम्ही तिला हळूहळू वर आणले, पलंगावर निजवले. तिने पाणी मागितले आणि तौनोने ते दिले.

स्वयंपाकघरात अर्वोने तौनोपुढे कॉफीचा कप ठेवला. मग म्हणाला, “हे बघ, भांडण गेलं खड्ड्यात. पण परत त्या फंडात ये. लुझला दिवसभर ठेव. आजच्यासारखं पुन्हा झालं आणि मी कुठे बाहेर असलो तर?”

“तीच भीती मला पण आहे.”

“मग?”

“ते जास्तीचे पैसे कुठून येतात, अर्वो? तिच्याच शेवटच्या वर्षांतून कापतात आणि या महिन्यात घालतात. मी तेव्हा नसलो तर? ती पंच्याऐंशीची, पैसे संपलेले, आणि विचारायला कुणी नाही.” त्याने लेम्पीच्या खोलीकडे पाहिले. “आज मी पडेन, मी उचलीन, मी मरेन. पण तेव्हा ती एकटी खिडकीत बसलेली असेल.”

अर्वोने उठून टोपी घातली. “शनिवारी मी येत जाईन,” तो म्हणाला. “सौनाला. पण त्या फंडाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.”

मार्चमध्ये महामारी आली आणि जगाचा बाजार कोसळला. अर्वोच्या फंडाने महिन्याचे वाटप निम्म्यावर आणले. बाजार पुढे सावरला तेव्हाही त्याचा भाव मागेच रेंगाळला, कारण चढ आधीच विकलेला होता. तौनोचा साधा फंडही पडला, एक तृतीयांशाहून अधिक. सगळे विकून टाकावे म्हणून तो तळमळला. पण विकायचे तर पतपेढीला फोन करायला हवा होता, आणि फोनला हात लावायचे धैर्य त्याच्यात नव्हते. पाहता पाहता वर्ष सरण्याआधी भाव परत आला. यात शहाणपण नव्हते, हे तोच सर्वांना सांगे. “मी भ्यालो म्हणून वाचलो, आणि तेही दुसऱ्याच गोष्टीला भ्यालो म्हणून.”

त्या वसंतात शुश्रूषागृहांची दारे बंद झाली. आत काय चालले होते ते वर्तमानपत्रांत येत असे. तौनो ती पाने घडी घालून, न वाचता, चुलीत टाकी. लुझ मास्क लावून सकाळी येत राहिली. शनिवारी अर्वो येई, आणि सौनात कोणी फंडाविषयी बोलत नसे.

लेम्पी पुढच्या शरदात, आपल्या पलंगावर, भर दुपारी गेली. लुझ थांबली होती, तौनोने डोके धरले होते. तो श्वास घेत होता. त्याआधीच्या तासात लेम्पी तीन-चार वाक्ये बोलली. ती सगळी त्याला समजली. ती काय होती हे त्याने कोणाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

नंतर कधीतरी इर्मा म्हणाली की हिशेबाने पाहिले तर तौनोने उगीचच इतके सोसले; लेम्पी दहा वर्षे जगणार नव्हती, आणि जुन्या फंडात, वाटप कापूनही, तिच्या दिवसांपुरते पुरले असते. लुझ शेवटपर्यंत दिवसभर राहिली असती. हिशेब खरा आहे. भविष्य हातात आल्यावर केलेला हिशेब खराच असतो. मला एवढेच वाटते की तौनोला ज्या अंधारात निर्णय घ्यायचा होता, तिथे त्याच्याजवळ भयाशिवाय दुसरा दिवा नव्हता, आणि तो त्याने तिच्या पायांपुढे धरला. स्वतःच्या पायांपुढे धरायला तो उरला नाही.

लेम्पीनंतर तो दोन हिवाळे जगला. त्या काळात तो पुष्कळसा निर्भय झाला होता, आणि ते आम्हाला पाहवत नसे. तो दारात थांबेनासा झाला. घसरड्या रस्त्यावर काठीशिवाय चाले. एका फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि त्याने डॉक्टरला बोलावले नाही.

त्याच्यामागे मुद्दल जवळजवळ पूर्ण उरले. ते सडबरीत राहणाऱ्या लेम्पीच्या भाचीला मिळाले. तिने फंड विकून आपल्या घराचे कर्ज फेडले.